ईसीजी ‘स्वच्छ’ काढून देऊ नका, खरा काढून द्या

“डॉक्टर, ही पट्टी नीट आली नाही वाटतं. सगळी थरथरलीय. मागे शिबिरात काढली होती ती बघा, किती स्वच्छ होती!”

तलासरीजवळच्या एका पाड्यावरून वडिलांना घेऊन आलेल्या मुलाने दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शिबिरातल्या कागदावरची रेघ खरोखरच सुरेख होती, छापील पुस्तकातल्यासारखी गुळगुळीत. फक्त प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतर ती थोडी खाली बसलेली होती. त्या खड्ड्याभोवती कुणीतरी पेनाने गोल काढून ‘रक्तपुरवठा कमी’ असे लिहिले होते. त्या एका गोलापायी काकांनी चार महिने शेतावर पाय ठेवला नव्हता.

माझ्या कागदावरची रेघ किंचित खरबरीत होती, पण तिच्यात खड्डा नव्हता. मग मी त्याच मशीनवर, त्याच काकांचा, त्याच चकत्या न हलवता आणखी एक ईसीजी काढला. या वेळी शिबिरातल्या कागदाच्या तळाशी जे फिल्टरचे आकडे छापलेले होते, तेच लावले. रेघ गुळगुळीत झाली आणि खड्डा हजर! पुढे काकांचा इको झाला, ट्रेडमिल चाचणी झाली. दोन्ही व्यवस्थित. खड्डा हृदयात नव्हताच, तो मशीनने पाडला होता.

हा लेख त्या बटणाविरुद्ध आहे. नीट सांगायचे तर ते बटण कायमचे दाबून ठेवण्याच्या सवयीविरुद्ध आहे. ही सवय आम्हा डॉक्टरांची आहे, तंत्रज्ञांची आहे, डेमोमध्ये सरळ रेघ दाखवून मशीन विकणाऱ्यांची आहे. आणि रागावू नका, पण ‘स्वच्छ पट्टी काढा’ म्हणून हट्ट धरणाऱ्या तुमचीही आहे.

ईसीजीच्या रेघेत काय असते?

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्यातून विजेची एक लाट जाते. छातीवर आणि हातापायांवर लावलेल्या चकत्यांपर्यंत ती पोहोचते तेव्हा तिची ताकद जेमतेम एक मिलिव्होल्ट असते, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. कागदावर एक मिलिव्होल्टला 10 मिलीमीटर उंची देतात आणि कागद सेकंदाला 25 मिलीमीटर वेगाने सरकतो.

या रेघेतला उंच, टोकदार भाग म्हणजे क्यूआरएस. तो साधारण 80 ते 100 मिलीसेकंदांत आटोपतो. कागदावर दोन-अडीच मिलीमीटरच्या रुंदीत रेघ सुळकन वर जाते आणि खाली येते. त्याच्या लगेच पुढचा सपाट भाग म्हणजे एसटी. हार्ट ॲटॅकचा निर्णय बऱ्याचदा याच भागावर होतो, आणि तिथे एक मिलीमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो. तो एक मिलीमीटर वर आहे की नाही, यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरू शकते.

आता अडचण अशी, की चकत्यांना फक्त हृदय ऐकू येत नाही. भिंतीतल्या तारांमधली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, तीही ऐकू येते. थंडीने कुडकुडणाऱ्या स्नायूंची थरथर ऐकू येते. श्वासाबरोबर छाती हलते, तेव्हा सगळी रेघ सावकाश वरखाली होते. हा सगळा कचरा काढण्यासाठी मशीनमध्ये फिल्टर असतात. सेकंदाला किती वेळा हेलकावणारी गोष्ट आत घ्यायची आणि कुठली अडवायची, हे ते हर्ट्झ या मापाने ठरवतात.

ऐकायला सोपे वाटते. पण आपण सुपाने भात पाखडतो तेव्हा कोंड्याबरोबर थोडी कणीही उडून जाते. क्यूआरएससारख्या झटक्यात येऊन जाणाऱ्या लाटेचे तसेच आहे. टोक जितके तीक्ष्ण, तितके ते अनेक वेगांच्या हेलकाव्यांचे मिळून बनलेले असते. सावकाश हेलकावे काढले तर ते एका प्रकारे बिघडते, वेगवान काढले तर दुसऱ्या प्रकारे. कोणतेही फिल्टर ‘हे हृदय, हे स्नायू’ असे ओळखत नाही. त्याला फक्त वेग कळतो.

आपोआप शून्यावर येणारा काटा

काकांचा खड्डा कसा पडला ते पाहू. श्वासामुळे डुलणारी रेघ सरळ करण्यासाठी एक फिल्टर असते. रेघ मधल्या जागेवरून सरकली की ते तिला हळूहळू परत मध्यावर ओढत राहते.

रेशनच्या दुकानात असा एक काटा आहे असे समजा. त्यावर एक किलोची पिशवी ठेवली की तो आधी बरोबर 1000 ग्रॅम दाखवतो. पण पिशवी तशीच ठेवली, तर आपोआप शून्याकडे सरकू लागतो. थोड्या वेळाने 730 ग्रॅम. आता पिशवी उचला. काटा शून्यावर थांबणार नाही. तो शून्याच्या खाली, उणे 270 ग्रॅमवर जाईल आणि तिथून सावकाश वर येईल. रिकाम्या काट्यावर उणे पाव किलो! असा काटा तुम्ही दुकानात चालवून घ्याल का?

ईसीजीत हेच होते. क्यूआरएस ही पिशवी, आणि ती उचलल्यानंतरची रेघ म्हणजे एसटी. वर दिलेले आकडेही मनाचे नाहीत. 0.5 हर्ट्झच्या साध्या फिल्टरवर एक दशांश सेकंद टिकणारा चौकोनी झटका दिला, तर उतार नेमका एवढाच येतो. हेच फिल्टर 0.05 हर्ट्झवर लावले, तर उतार सुमारे तीन टक्केच राहतो. बटणावर फरक एका शून्याचा, पण कागदावर नऊपटींचा.

मशीनची परीक्षा घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत यावरच उभी आहे. मशीनला तीन मिलिव्होल्टचा, एक दशांश सेकंदाचा झटका द्यायचा. तो संपल्यावर रेघ मूळ जागेपासून 0.1 मिलिव्होल्टपेक्षा, म्हणजे कागदावर एक मिलीमीटरपेक्षा जास्त हटता कामा नये. 0.05 हर्ट्झचे साधे फिल्टर या परीक्षेत जेमतेम पास होते. 0.5 हर्ट्झच्या साध्या फिल्टरमध्ये तीच रेघ आठ मिलीमीटर खाली जाते. हृदयाची लाट चौकोनी नसते आणि एवढी मोठीही नसते, म्हणून रुग्णाच्या कागदावर खोटा खड्डा यापेक्षा बराच लहान दिसतो. पण निर्णय जिथे एका मिलीमीटरवर होतो, तिथे लहान खड्डाही पुरेसा असतो. आणि क्यूआरएसचे टोक खालच्या दिशेला असेल, तर याच कारणाने पुढची रेघ खोटीच वर उचललेली दिसू शकते.

नव्या डिजिटल मशीनमध्ये यावर एक उपाय आहे. आधी ठोके साठवून ठेवायचे आणि मग फिल्टर एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे चालवायचे, म्हणजे दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारते. अशा फिल्टरला 0.67 हर्ट्झपर्यंत मान्यता आहे. पण ‘आमचे मशीन डिजिटल आहे’ एवढे पुरत नाही. आपल्या मशीनमध्ये असे फिल्टर आहे का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे लागते.

बोथट झालेले टोक

दुसरे बटण स्नायूंच्या थरथरीसाठी असते. ते बहुधा 35 किंवा 40 हर्ट्झच्या वरचे सगळे कापते. याच बटणाने रेघ ‘छान’ दिसते, म्हणून सगळ्यांत जास्त दाबलेही हेच जाते.

वेगवान हेलकावे कापले की रेघेला झटकन वर चढता येत नाही. 150 हर्ट्झपर्यंत मोकळी असलेली रेघ सुमारे अडीच मिलीसेकंदांत उंची गाठू शकते, 40 हर्ट्झवर तिला जवळजवळ नऊ मिलीसेकंद लागतात. परिणाम असा, की टोके बुटकी आणि गोल होतात. हृदयाच्या भिंती जाड झाल्या आहेत का, हे आम्ही टोकांच्या उंचीवरून ताडतो, तो अंदाज चुकतो. जुन्या ॲटॅकची खूण असलेली बारीक क्यू लाट किंवा क्यूआरएसमधली छोटी खाच पुसली जाऊ शकते. तान्ह्या बाळांच्या लाटा तर आणखी तीक्ष्ण असतात. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या 2007 सालच्या शिफारशींत मोठ्यांसाठी वरची मर्यादा 150 हर्ट्झ, तर बाळांसाठी 250 हर्ट्झ ठेवली आहे. खालची मर्यादा नेहमीच्या फिल्टरसाठी 0.05 हर्ट्झ.

सगळ्यांत बोलके उदाहरण पेसमेकरचे. पेसमेकर हृदयाला देतो तो झटका अर्ध्या मिलीसेकंदाच्या आसपास टिकतो. साध्या फिल्टरचे गणित मांडले, तर त्याच्या मूळ उंचीपैकी 150 हर्ट्झवर सुमारे 38 टक्के उरते आणि 40 हर्ट्झवर अवघे 12 टक्के. जी रेघ खरे तर दहा मिलीमीटर उंच असायला हवी, ती जेमतेम एक मिलीमीटरची राहते. मग चक्कर येऊन पडलेल्या आजींचा पेसमेकर झटका देत असूनही कागद पाहणाऱ्याला वाटते की तो बंद पडला. काही मशीन असे झटके वेगळे ओळखून कागदावर स्वतःची खूण काढतात. ती सोय असेल तर उत्तम, पण ती आहे असे गृहीत धरणे धोक्याचे.

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलेम आइंटहोवेन हृदयाची वीज मोजत होते ती पाऱ्याच्या बारीक नळीवर. पारा जड, त्याला झटक्याबरोबर धावता येईना, म्हणून लाटा बोथट उमटत. त्या बोथट रेघेवर ते समाधान मानून बसले नाहीत. पारा किती मागे पडतो याचे गणित करून त्यांनी खरी लाट कशी असेल ते काढले, आणि पुढे जास्त चपळ असे तारेचे यंत्र बनवले. 1924 साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी इतक्या कष्टाने तीक्ष्ण केलेले टोक आपण एका बटणाने पुन्हा बोथट करतो.

धक्क्यानंतर वाजणारी भांडी

तिसरे फिल्टर घरातल्या विजेचे नेमके 50 हर्ट्झ काढणारे. त्याचा स्वभाव आपल्या भागातल्या लोकांना समजवायला वेळ लागत नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसत आले आहेत. धक्का क्षणात बसतो आणि संपतो, पण मांडणीवरची भांडी त्यानंतरही थोडा वेळ वाजत राहतात. वाजण्याचा तो सूर भांड्याचा असतो, जमिनीचा नसतो.

हे फिल्टरही क्यूआरएसचा धक्का बसला की काही क्षण घुमते. रेघेवर टोकानंतर बारीक लाटा उठतात, सेकंदाला 50च्या वेगाने. फिल्टर जितके नेमके आणि अरुंद, तितके ते जास्त वेळ घुमते. या खोट्या लाटा एसटीच्या सुरुवातीलाच बसतात. तरीही तिन्हींत हे कमी उपद्रवी, आणि नव्या मशीनमधले तर बरेच शहाणे असते. गरज पडल्यास मीही ते लावतो. मात्र ते 50 वर आहे ना हे पाहावे. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची असते. मशीन चुकून 60 वर राहिले, तर आपल्याकडच्या विजेची थरथर जात नाही, आणि मग माणूस वैतागून स्नायूंचे बटण दाबतो.

“पण डॉक्टर, इथे बटणाशिवाय जमतच नाही!”

हा आक्षेप माझे सहकारीच घेतात, आणि तो पोकळ नाही. शिबिर पत्र्याच्या शेडमध्ये असते, शेजारी जनरेटर धडधडत असतो, अर्थिंगचा पत्ता नसतो. डिसेंबरच्या सकाळी चालत आलेली म्हातारी माणसे कुडकुडत असतात. बाहेर ऐंशी जणांची रांग असते. तिथे फिल्टर बंद ठेवले तर कागदावर नुसती झुडपे उगवतात, हे मलाही माहीत आहे.

पण त्या थरथरीचे कारण बहुतेक वेळा पाच मिनिटांत निघते. मशीनचा प्लग काढून ते बॅटरीवर चालवा. मोबाइल आणि चार्जर लांब ठेवा. घाम व तेल पुसून, लागल्यास केस काढून चकत्या लावा. जेली पुरेशी घाला. अंगावर घोंगडी टाका, हात सैल सोडायला सांगा, दोन मिनिटे शांत पडू द्या. एवढे करूनही थरथर राहिली, उदाहरणार्थ कंपवाताच्या रुग्णात, तर दोन ईसीजी काढा. एक फिल्टरशिवाय, एक फिल्टर लावून. दोन्ही जोडा. ठोक्यांचा ताल पाहायला दुसरा, एसटी पाहायला पहिला.

दुसरा आक्षेप: “किती जणांना याने फरक पडतो?” बहुतेकांना पडत नाही, कबूल. पण ज्याला पडतो तो कोण, हे गुळगुळीत कागद सांगत नाही. खोट्या उंचावलेल्या एसटीवर गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर काहीही फायदा नसताना शंभरातील एकाच्या आसपास असलेला मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका आपण त्या माणसाच्या गळ्यात बांधतो. आणि खरी खूण पुसली गेली, तर तो घरी जातो.

तिसरा आक्षेप: “कागद तज्ज्ञाकडे पाठवतो, त्यांना कळतेच.” महाराष्ट्रात स्टेमी प्रकल्पातून ग्रामीण ठिकाणचा ईसीजी काही मिनिटांत दूरच्या तज्ज्ञाला दाखवण्याची पद्धत रुजते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण तज्ज्ञाला फक्त कागद दिसतो. मशीनने जे पुसले ते त्याला परत आणता येत नाही. त्यात व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निम्म्या फोटोंत कागदाचा तळ कापलेला असतो, आणि फिल्टरचे आकडे नेमके तिथेच असतात. तलासरीतून वापी जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात, आणि मुंबई शंभराहून अधिक किलोमीटर. रुग्णाला कुठे न्यायचे, की इथेच इंजेक्शन द्यायचे, हे जेव्हा त्या एका फोटोवर ठरते, तेव्हा फोटोतली रेघ खरीच असली पाहिजे.

तुम्ही काय करायचे?

ईसीजी काढताना ‘सरळ रेघ काढा’ असा आग्रह धरू नका. शांत पडून राहा, मोबाइल बाहेर ठेवा, थंडी वाजत असेल तर सांगा. यानेच रेघ खरोखर सरळ येईल.

कागदाच्या तळाशी वा कडेला हर्ट्झचे आकडे शोधा. ‘0.05 ते 150’ असे असेल तर उत्तम. ‘0.5 ते 35’ किंवा ‘0.5 ते 40’ असेल आणि त्यावर एसटीचा दोष सांगितला असेल, तर घाबरून न जाता नम्रपणे विचारा: “डॉक्टर, फिल्टर काढून एकदा पुन्हा बघता येईल का?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मला विचारलात तर मला आनंदच होईल.

फोटो पाठवताना चारही कडा येऊ द्या. जुने ईसीजी फाडू नका, सपाट ठेवा आणि उन्हापासून जपा, ती शाई उडते. आयसीयूतल्या मॉनिटरवरची किंवा मनगटी घड्याळातली रेघ ठोक्यांचा ताल पाहण्यासाठी असते. तिच्यावरून एसटीचा निष्कर्ष काढू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे: छातीत दाब, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ, श्वास लागणे असे काही होत असेल, तर हर्ट्झ शोधत बसू नका. 108 ला फोन करा, लगेच दवाखाना गाठा. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणे चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो.

शिबिरे भरवणाऱ्यांना आणि मशीन दान देणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. मशीन घेताना विक्रेत्याला रेघ किती सरळ येते हे विचारू नका. सुरू केल्याबरोबर फिल्टर कशावर असते, ते बदलता येते का आणि ते कागदावर छापले जाते का, हे विचारा. तिन्ही उत्तरे मिळाली तरच पैसे मोजा.

काका आता पुन्हा शेतावर जातात. जाताना मुलाने शिबिरातला कागद टाकून द्यायला काढला होता. मी तो ठेवून घेतला आहे. नवीन तंत्रज्ञ कामावर आला, की पहिल्या दिवशी मी त्याला तोच दाखवतो.